पाण्यावरचा धूर : माँत्रोची एक दुपार आणि तिचे गाणे

जिनिव्हाहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी लोझान मागे टाकते आणि उजव्या हाताचे सरोवर थेट रुळांपाशी येऊन भिडते. डाव्या हाताला लाव्होच्या डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या एकावर एक चढत जातात. शतकानुशतके माणसांनी पाठीवरून माती वाहून हे उतार राखले आणि २००७ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. पुढे व्हेव्हे लागते. नेस्ले कंपनीचे मुख्यालय ते हेच गाव. त्यानंतर काही मिनिटांतच गाडी माँत्रोच्या स्थानकात शिरते.

स्थानकातून खाली उतरणारी वाट प्रवाशाला सरोवराच्या काठी आणून सोडते. सुमारे ५८० चौरस किलोमीटर पसरलेले आणि ३१० मीटर खोल असे हे पाणी पलीकडच्या तीरावर फ्रान्सला टेकते. समोर साव्हॉयचे बर्फाच्छादित पर्वत उभे असतात आणि अलीकडच्या काठावर, स्वित्झर्लंडच्या थंडीत कोणाला खरे वाटणार नाही अशी ताडाची झाडे दिसतात. उंच डोंगरांनी उत्तरेचा वारा अडवून धरल्यामुळे या कोपऱ्याची हवा सौम्य राहिली आहे. महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक सहली इंटरलाकेन व लूसर्न यांच्या वाटेने जातात आणि माँत्रो त्यांच्या यादीत क्वचितच असते. मात्र 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटातली ग्श्टाड व झान्नेन ही ठिकाणे पाहण्यासाठी जी डोंगरी रेल्वे घ्यावी लागते, ती याच गावातून सुटते.

काठाने चालताना एके ठिकाणी एक स्मारक लागते. ते राजाचे नाही, सेनापतीचेही नाही. त्यावर एका इंग्रज वादकवृंदाचे नाव आहे, एका गाण्याचे शीर्षक आहे आणि पाश्चात्त्य स्वरलिपीत कोरलेली एक सुरावट आहे. वृंदाचे नाव 'डीप पर्पल' आणि गाण्याचे नाव 'स्मोक ऑन द वॉटर', म्हणजे 'पाण्यावरचा धूर'. ज्या घरात मुलाने किंवा मुलीने गिटार शिकायला घेतली आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांना ही सुरावट नावाने ठाऊक नसली तरी कानाने नक्कीच ठाऊक असेल. पहिल्या महिन्याभरातच ती बंद दाराआडून ऐकू येऊ लागते आणि पुढे बरेच दिवस थांबत नाही. कर्कश वाटावे अशा 'हार्ड रॉक' नावाच्या संगीतप्रकारातील हे बहुधा सर्वांत ओळखीचे गाणे असावे. त्याचा जन्म या काठावर झाला आणि तो एका आगीतून झाला.

ती आग समजून घ्यायची तर आधी गावाचा धंदा समजून घ्यावा लागतो. माँत्रोला शेती थोडी, कारखाने जवळपास नाहीत. १८६१ मध्ये इथे रेल्वे आली आणि तेव्हापासून पाहुण्याचे आतिथ्य हीच या गावाची पेढी झाली. इंग्रज उमराव, रशियन कुटुंबे आणि प्रकृतीसाठी हवापालट करू पाहणारे धनिक येऊ लागले, तशी सरोवराला तोंड करून हॉटेले उभी राहिली. त्यांत कलावंतही आले. चायकोव्हस्कीने आपले व्हायोलिन कंचेर्तो शेजारच्या क्लारां गावी लिहिले आणि स्ट्राव्हिन्स्कीने 'वसंतोत्सव' या रचनेचा मोठा भाग तिथेच रचला. कादंबरीकार नाबोकोव्ह तर १९६१ पासून मृत्यूपर्यंत येथील एका मोठ्या हॉटेलातच राहिला. पाहुणे दिवसा निसर्ग पाहतात, पण संध्याकाळी त्यांना गुंतवायचे कशात, हा अशा प्रत्येक गावापुढचा प्रश्न असतो. माँत्रोने त्याचे उत्तर म्हणून १८८१ मध्ये आपले कसिनो बांधले. नावावरून वाचकांच्या मनात जे चित्र उभे राहील ते पुरते खरे नाही. मोठ्या रकमेच्या जुगाराला स्विस कायद्याने त्या काळी बंदीच होती. नाटक, संगीत, नृत्य आणि मेजवान्या यांसाठीचे सार्वजनिक सभागृह हेच या वास्तूचे खरे रूप होते.

विसाव्या शतकाच्या मध्यास दोन महायुद्धांनी जुना उमराव पाहुणा नाहीसा केला होता आणि गावाला नवा पाहुणा शोधणे भाग होते. हे काम ज्यांच्या वाट्याला आले त्यांत पर्यटन कार्यालयातील एक तरुण होता, क्लोद नोब्स. १९३६ मध्ये माँत्रोच्या तेरिते या भागात एका बेकरीवाल्याच्या घरी त्याचा जन्म झाला. त्याने रीतसर स्वयंपाकाचे शिक्षण घेतले होते. पण संगीताचे वेड त्याहून मोठे होते. १९६४ मध्ये त्याने 'रोलिंग स्टोन्स' या तेव्हाच्या बंडखोर तरुणांना माँत्रोला आणले. १९६७ मध्ये जेओ व्हुमार आणि रेने लांगेल या दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने जॅझ संगीताचा महोत्सव सुरू केला. पहिल्या वर्षी तो तीन दिवस चालला आणि भरला तो कसिनोतच. कार्यालयातला एक नोकरदार आपल्या गावासाठी नवा माल शोधून आणतो आणि तो विकण्याची जबाबदारीही अंगावर घेतो, असा हा उद्योग होता. चार-पाच वर्षांत त्याला बरकत आली. दूरचे कलावंत माँत्रोचे नाव घेऊ लागले.

त्यामुळेच डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पलचे पाच जण या गावी उतरले. गिटार रिची ब्लॅकमोर, गायन इयन गिलन, बास गिटार रॉजर ग्लोव्हर, ऑर्गन जॉन लॉर्ड आणि ड्रम इयन पेस असा हा वृंद होता. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत आपल्या वादनाचा जोर हरवतो, अशी त्यांची तक्रार होती. रंगमंचावर जसे वाजते तसेच तबकडीवर उतरावे यासाठी त्यांना मोठे, रिकामे, घुमणारे सभागृह हवे होते. माँत्रोचे कसिनो हिवाळ्यात काही काळ बंद राहणार होते, म्हणजे जागा मोकळी मिळणार होती. मुद्रणाची सगळी यंत्रे एका ट्रकमध्ये बसवलेला, रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा फिरता स्टुडिओ त्यांनी भाड्याने घेतला होता. बंद होण्यापूर्वी कसिनोत एकच कार्यक्रम उरला होता. अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा आणि त्यांचा 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' हा वृंद शनिवारी, ४ डिसेंबर रोजी तिथे वाजवणार होता. तो आटोपला की सभागृह डीप पर्पलच्या ताब्यात येणार होते.

भारतात त्या दिवशीच्या वृत्तपत्रांत दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. आदल्या संध्याकाळी पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले होते आणि त्या रात्री भारतीय नौदल कराचीवर चालून जाणार होते. स्वित्झर्लंडमधील एका सभागृहाची बातमी इथे कोणाच्या नजरेस पडली नसेल, तर त्यात आश्चर्य नाही.

दुपारचा कार्यक्रम होता आणि सभागृह तरुण श्रोत्यांनी खचाखच भरले होते. डीप पर्पलमधील काही जणही श्रोत्यांत बसले होते. कार्यक्रम बराच पुढे गेला होता आणि सिंथेसायझरचे एकल वादन चालू होते. इतक्यात श्रोत्यांपैकी कोणीतरी संकटाच्या वेळी प्रकाशाचा इशारा देण्यासाठी वापरतात तसले पिस्तूल छताच्या दिशेने झाडले. छताला शोभेसाठी वेताचे आच्छादन होते. वर्षानुवर्षे दिव्यांच्या उष्णतेत वाळलेल्या वेताला पेटायला किती वेळ लागणार? लग्नसमारंभात कापडी छत आणि झिरमिळ्यांखाली हजार माणसे जेवायला बसवणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. पहिल्या क्षणी ती ठिणगी लोकांना कार्यक्रमाचाच भाग वाटली असावी. मग छतावरून ठिणग्या गळू लागल्या.

झापा यांनी वादन थांबवले आणि ध्वनिवर्धकावरून लोकांना शांतपणे बाहेर पडण्यास सांगितले. त्या कार्यक्रमाचे मुद्रण उपलब्ध आहे. त्यात वाद्यांचा आवाज थांबतो, श्रोत्यांची कुजबुज वाढत जाते आणि तरीही किंकाळ्यांचा कल्लोळ होत नाही, हे ऐकू येते. त्या मिनिटांत गर्दी जर एकाच दाराकडे धावली असती, तर ४ डिसेंबर हा दिवस माँत्रोच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने लिहिला गेला असता. काही जण दारांतून गेले, काहींनी मोठ्या काचा फोडून वाट काढली. ज्यांना गावाची आणि इमारतीची माहिती नव्हती, अशी काही तरुण मुले मात्र उलट आत गेली. इमारतीच्या पोटातच आपण आगीपासून सुरक्षित राहू, असे समजून ती लपून बसली होती.

तिथे नोब्स गेला. बाहेर उभे राहून अग्निशामक दलाची वाट पाहणे त्याला सहज शक्य होते. त्याच्या पदाच्या कर्तव्यात आगीत शिरणे बसत नव्हते. पण ही इमारत त्याच्या रोजच्या पायाखालची होती, कोणता जिना कुठे निघतो हे त्याला ठाऊक होते, आणि आत अडकलेली मुले त्यानेच गावात बोलावलेल्या पाहुण्यांपैकी होती. त्याने त्या मुलांना शोधून बाहेर ओढून काढले. कसिनो संपूर्ण जळून खाक झाले आणि झापा यांच्या वृंदाची सारी वाद्ये व यंत्रे राख झाली. मृत्यू मात्र एकही झाला नाही. नव्वद वर्षे उभी असलेली वास्तू काही तासांत नाहीशी झालेली पाहूनही गावाने त्या रात्री सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तो याच एका गोष्टीमुळे.

झापा यांचे दुर्दैव मात्र एवढ्यावर संपले नाही. वाद्ये उसनी घेऊन त्यांनी दौरा पुढे चालू ठेवला. सहाच दिवसांनी लंडनमध्ये एका श्रोत्याने त्यांना रंगमंचावरून खाली ढकलले आणि त्या दुखापतीतून सावरायला त्यांना अनेक महिने लागले.

डीप पर्पलचे वादक सरोवराकाठच्या आपल्या हॉटेलात परतले होते. खिडकीतून त्यांना कसिनो जळताना दिसत होते. डोंगरावरून उतरणारा वारा धुराला खाली दाबत होता आणि तो धूर वर न जाता सरोवराच्या पृष्ठभागावर एखाद्या चादरीसारखा पसरत चालला होता. हेच दृश्य पुढे गाण्याचे नाव झाले. पण ते तत्काळ सुचले नाही. काही दिवसांनी सकाळी जाग येता येता रॉजर ग्लोव्हरच्या तोंडून ते तीन-चार शब्द आपोआप बाहेर पडले. त्याने ते गिलनला सांगितले. दोघांनाही ते फारसे रुचले नाहीत. धूर म्हटल्यावर लोकांना अमली पदार्थांची आठवण होईल, अशी त्यांना शंका आली आणि शब्द तसेच बाजूला राहिले.

त्यापेक्षा मोठी चिंता जागेची होती. भाड्याचा ट्रक दारात उभा, दिवस मोजके, ठरलेले सभागृह बेचिराख. ज्याच्या गावातील प्रमुख वास्तू नुकतीच जळाली आहे आणि ज्याच्या स्वतःच्या महोत्सवाचे छप्पर गेले आहे, तो मनुष्य परदेशी पाहुण्यांना हात जोडून परत पाठवू शकला असता. कोणीही त्याला दोष दिला नसता. नोब्सने तसे केले नाही. तो त्यांच्यासाठी नवी जागा शोधू लागला. व्यवहारात दिलेला शब्द आणि आलेली अडचण यांचा हिशेब प्रत्येकजण आपापल्या परीने घालतो. नोब्सने तो ज्या रीतीने घातला, ती रीत व्यापारी घरांतील वाचकांना ओळखीची वाटेल.

प्रथम त्याने 'पाव्हियों' नावाचे जुने नाट्यगृह मिळवून दिले. ते गावाच्या वस्तीत होते. तिथे रात्री ब्लॅकमोरने रचलेल्या एका सुरावटीचे मुद्रण सुरू झाले. त्या रचनेला नाव नव्हते, म्हणून कागदावर नुसते 'शीर्षक क्रमांक १' असे लिहिले गेले. आवाज भिंतींतून बाहेर गेला आणि शेजारपाजारचे लोक झोपेतून उठले. पोलीस आले. आत वादन रंगात होते आणि दारे बाहेरून वाजत होती. वृंदाच्या सेवकांनी आतून दारे रेटून धरली, म्हणजे निदान हाती घेतलेले वादन तरी पूर्ण व्हावे. ते पूर्ण झाले आणि मगच दार उघडले. जगभर वाजणारे वादन ते हेच, दाराबाहेर पोलीस असताना मुद्रित झालेले. शेजाऱ्यांची बाजूही तितकीच रास्त होती, हे सांगितले पाहिजे. आग लागून काही दिवस उलटले नाहीत तोच रात्री-अपरात्री असा गडगडाट कानी पडला, तर कोण उठून खिडकीशी जाणार नाही?

पुन्हा शोध सुरू झाला. या वेळी सापडले ते तेरितेचे ग्रँड हॉटेल. एके काळी युरोपातील राजघराणी इथे उतरत. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ या परिसरात वारंवार येई आणि तिचा संगमरवरी पुतळा आजही तेरितेच्या बागेत आहे. १९७१ च्या हिवाळ्यात मात्र हॉटेल बंद होते, थंडगार होते आणि रिकामे होते. वादकांनी खोल्यांतील गाद्या बाहेर काढल्या आणि मार्गिकेत उभ्या रचून ध्वनी अडवणाऱ्या भिंती केल्या. त्या गाद्यांच्या कोंडाळ्यात ड्रम, ऑर्गन आणि गिटारी मांडल्या गेल्या. तारा खिडक्यांतून बाहेर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत नेल्या. ट्रकमध्ये ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च बसला होता. वाजवलेले कसे उतरले ते ऐकायचे असेल, तर वादकांना खोल्या, सज्जे आणि जिने ओलांडून थंडीत खाली जावे लागे. ही यातायात इतकी होती की, पुढे पुढे त्यांनी ऐकायला जाणेच सोडले. चांगले वाजले असे मनाला वाटले की पुढचे गाणे घ्यायचे. ६ ते २१ डिसेंबर या पंधरवड्यात अख्खी तबकडी अशी तयार झाली. तिचे नाव 'मशीन हेड'.

शेवटी हिशेब मांडला तेव्हा तबकडीच्या दोन बाजू भरायला एक गाणे कमी पडत होते. कोणाला तरी 'शीर्षक क्रमांक १' आठवले. वादन तयार होते, शब्द नव्हते. मग ग्लोव्हरचे ते बाजूला ठेवलेले शब्द पुन्हा निघाले आणि गिलनने त्यांभोवती गाणे रचले. या गाण्यात प्रेम नाही, विरह नाही, बंडखोरीही नाही. दुकानातील मुनीम रोजकीर्द लिहितो तसे ते आहे. आम्ही मुद्रणासाठी सरोवराकाठी माँत्रोला आलो, झापा यांचा कार्यक्रम चालू होता, एका मूर्खाने आग लावली, जागा जळाली, क्लोद मुलांना बाहेर काढण्यासाठी धावपळ करीत होता, मग आम्हाला थंड, रिकामे हॉटेल मिळाले आणि बाहेर ट्रक उभा होता. एवढाच मजकूर. कोणाचे किती नुकसान झाले याचे रडगाणे त्यात नाही. नोब्सचे नाव मात्र त्यात आहे, आणि एका पर्यटन कार्यालयातील मनुष्याला असे अमरत्व क्वचितच लाभते.

सुरावटीविषयी थोडे सांगायला हवे, कारण गाणे चालले ते तिच्यामुळे. ती आपल्या स्वरांत मांडली तर चार स्वरांतच सामावते : षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि मध्येच डोकावून जाणारा तीव्र मध्यम. प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या खालचा चौथा स्वरही त्याच क्षणी छेडला जातो, म्हणजे षड्जासोबत मंद्र पंचम, याप्रमाणे. त्यामुळे तिला एक पोकळ, घंटेसारखा भारदस्तपणा येतो. ब्लॅकमोर गिटारची पट्टी न वापरता बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलतो, तेही याच कारणाने. नवशिक्याला ती दहा मिनिटांत येते, म्हणून जाणकार तिला हसतात. पण ती नीट वाजवणारा हजारांत एखादाच, असेही तेच जाणकार सांगतात.

वृंदाला स्वतःला या गाण्याची पारख नव्हती, ही या कथेतील गमतीची बाजू. आपल्या तबकडीतले चालणारे नाणे 'नेव्हर बिफोर' हे दुसरेच गाणे आहे, अशी त्यांची खात्री होती आणि १९७२ च्या मार्च महिन्यात 'मशीन हेड' बाजारात आली त्या सुमारास त्यांनी तेच सुटे म्हणून विक्रीला काढले. ते फार चालले नाही. नोब्स पुढे सांगत असे की, गाणे तयार झाल्यावर त्या मंडळींनी ते त्याला ऐकवले आणि ही किरकोळ गोष्ट आहे, तुझ्यासाठी केली आहे, असे म्हटले. नोब्सने त्यांना वेड्यात काढले. हेच गाणे गाजणार, असे त्याचे मत पडले. १९७३ मध्ये अमेरिकेत ते सुटी तबकडी म्हणून निघाले आणि विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. माल तयार करणाऱ्यापेक्षा दुकानाच्या पायरीवर उभा राहून गिऱ्हाइकाचे डोळे पाहणाऱ्याला भाव अधिक कळतो, याचे हे एक चोख उदाहरण. गाण्याचे कर्ते म्हणून पाचही जणांची नावे लागली आहेत. १९९५ मध्ये हा वृंद मुंबईलाही येऊन गेला, तेव्हा ब्लॅकमोर त्यातून निघून गेलेला होता. त्याची सुरावट मात्र वृंदापाशीच राहिली.

गावाचे काय झाले? कसिनो जळाल्यावर सहा महिन्यांनी पुढचा महोत्सव होता. तो रद्द झाला नाही. गावातील दुसऱ्या सभागृहांतून तो भरत राहिला आणि १९७५ मध्ये नवे कसिनो उभे राहिल्यावर पुन्हा तिथे परतला. नव्या इमारतीत ध्वनिमुद्रणासाठी एक कायमचा स्टुडिओ बांधण्यात आला. ज्या गावात चार वर्षांपूर्वी वादकांना गाद्या उभ्या करून काम भागवावे लागले होते, त्याच गावात आता जगातील नामांकित कलावंत मुद्रणासाठी जागा मागू लागले. १९७९ मध्ये 'क्वीन' या इंग्रज वृंदाने तो स्टुडिओच विकत घेतला. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे जन्माने फारुख बुलसारा. गुजरातेतून निघालेल्या पारशी घराण्यातील या मुलाचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीला झाले आणि तिथल्याच शाळेत त्याने पहिल्यांदा मित्रांना जमवून वादकवृंद केला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९९१ मध्ये, तो याच काठी येऊन गात होता. सरोवराकडे तोंड करून उभा असलेला त्याचा सुमारे तीन मीटर उंचीचा पुतळा १९९६ मध्ये बसवला गेला. त्याच्या पायाशी आजही कोणी ना कोणी फुले ठेवून जाते. पाचगणीची टेबललँड आणि माँत्रोचा हा काठ एकाच मनुष्याने पाहिला होता, हे तिथे उभे राहिल्यावर महाराष्ट्रीय प्रवाशाला आठवल्यावाचून राहत नाही.

काठावरून पूर्वेकडे चालत गेले की तेरिते लागते. तिथून १८८३ पासून चालत आलेली दोरखंडाची रेल्वे वर ग्लियोंला चढते. आणखी पुढे पाण्यात उभा असलेला शियोंचा किल्ला दिसतो. सोळाव्या शतकात फ्रांस्वा बोनिव्हार याला त्याच्या तळघरात काही वर्षे बंदी करून ठेवले होते आणि पुढे कवी बायरनने त्याच्यावर काव्य लिहिले. बहुतेक पर्यटक किल्ल्याकडे जाताना तेरितेहून न थांबता पुढे जातात. रस्त्याकाठी दिसणारे ग्रँड हॉटेल त्यांना जुन्या वैभवाची एक इमारत एवढेच वाटते.

नोब्सने लग्न, घर, पेढी यांऐवजी महोत्सवच वाढवला. गावावरच्या को नावाच्या वस्तीत त्याचे लाकडी घर होते. पहिल्या वर्षांपासून महोत्सवातील वादनाची मुद्रणे जपून ठेवण्याचा त्याचा ध्यास होता आणि त्या हजारो तासांच्या संग्रहाला २०१३ मध्ये युनेस्कोने 'जगाची स्मृती' या नोंदवहीत स्थान दिले. ती बातमी ऐकायला तो नव्हता. २०१२ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी को येथे बर्फावर घसरताना तो पडला आणि १० जानेवारी २०१३ रोजी त्याचे निधन झाले. महोत्सव अजून चालू आहे. दर जुलैत सुमारे अडीच लाख लोक त्यासाठी या छोट्या गावी येतात आणि हॉटेलांच्या खोल्या महिने आधी भरून जातात.

हिवाळ्यात हाच काठ वेगळा दिसतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळापर्यंत इथे लाकडी टपऱ्यांचा बाजार भरतो. लोकरीचे हातमोजे, मेणबत्त्या आणि खेळणी मांडलेली असतात आणि भाजलेल्या चेस्टनटचा वास दरवळत असतो. ४ डिसेंबरची संध्याकाळही याच बाजारात मावळते. कसिनोच्या बाजूने एखादा फिरस्ता वादक गिटार काढून बसला, तर थोड्या वेळात कोणीतरी पोरगा त्याला ती सुरावट वाजवायला सांगतो, आणि सरोवरावर तोवर धुके उतरू लागलेले असते.